नेम धरलालाव का मॅडम? रविवारच्या स्केचिंगचं एक वर्ष

सुरुवात पोरीच्या पेटीपासून झाली. तिची इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा झाली, बी ग्रेड आली, म्हणजे दहावीला पाच मार्क पक्के (ए ला ७, बी ला ५, सी ला ३ असा हिशोब असतो), आणि त्या दिवसापासून तिची पेन्सिलींची पेटी कपाटावर गेली ती गेलीच. संक्रांतीच्या आवराआवरीत ती माझ्या हातात आली, उघडून बघते तर २बी, ४बी, ६बी सगळ्या जवळजवळ नव्या, खोडरबर तर कोपरा पण न झिजलेलं. म्हणलं मार्क मिळाले की झालं का गं? ती म्हणाली, आई तूच काढ की मग.

आता माझी पण इंटरमिजिएट झालेलीये, कधीतरी गेल्या शतकात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं केलंय, स्मरणचित्रात सगळ्यांसारखाच आठवडी बाजार काढला होता, छत्री घेऊन बसलेली भाजीवाली आणि मागे एक झाड. त्यानंतर मी कॉमर्सला गेले आणि आता एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न भरते, म्हणजे पेन्सिलीशी संबंध फक्त टिकमार्क करण्यापुरता.

त्याच आठवड्यात एका मैत्रिणीच्या स्टेटसला दिसलं की रविवारी सकाळी सातला किल्ल्याच्या बागेत स्केचिंग, कोणीही या, वही-पेन्सिल आणा, फी नाही. मी तो मेसेज तीन वेळा वाचला आणि जायचं नाही असं ठरवलं. कारण चित्र येत नाही हे नव्हतंच, चित्र घरी वाईट काढलं तर कोण बघतंय! कारण हे की चाळीशी ओलांडलेली बाई सोलापुरात बागेत एकटी जमिनीवर बसून वहीत काहीतरी काढतीये म्हणल्यावर येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबणार, वाकून बघणार, आणि काहीतरी बोलणार. आपल्याकडे बघून गप्प पुढे जाणारा माणूस अजून जन्मायचाय. शेवटी गेले ते मैत्रीण गाडीवर घ्यायला आली म्हणून, नाहीतर आज हे लिहिलं नसतं.

पहिला रविवार. होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, अजून उठायचा होता, पाळण्यांचे सांगाडे उभे, दुकानांच्या ताडपत्र्या ओढलेल्या, आणि बाजूला आपला भुईकोट किल्ला, ज्याच्या शेजारून मी आयुष्यभर रिक्षाने गेलीये आणि ज्याच्याकडे मी कधीही दोन मिनिटं सलग बघितलेलं नाही. बहामनी काळातला, चौदाव्या शतकातला, एवढं शाळेत पाठ होतं. ग्रुपमध्ये आम्ही नऊ जण. एक रिटायर्ड ड्रॉइंग टीचर, त्यांना सगळे सरच म्हणतात. आर्किटेक्चरची दोन पोरं. लॅबमध्ये काम करणारी एक मुलगी. आणि पूर्वभागातले, म्हणजे विणकरांच्या वस्तीतले, एक काका, ज्यांचं आयुष्य चादरीच्या जॅकार्डची (नक्षी विणणाऱ्या मागाची) डिझाईन ग्राफ पेपरवर उतरवण्यात गेलंय, चौकोन मोजून मोर काढायचा, चौकोन मोजून फूल काढायचं. त्यांच्या वहीत पहिले दोन महिने किल्ला पण पायऱ्यापायऱ्यांचा यायचा, बुरुजाची गोलाई सुद्धा चौकोनांतून, आणि गंमत म्हणजे ते दिसायचं छान.

सरांनी काही शिकवलं नाही. मला वाटलं होतं फळा वगैरे असेल. ते फक्त एवढं म्हणाले की वीस मिनिटं, समोर जे दिसतंय तेच, फोटो काढून फोटोवरून नाही, खोडरबर खिशात ठेवा, आणि झाल्यावर तारीख आणि जागा लिहा. बास.

मी बुरूज काढायला घेतला. पहिली पाच मिनिटं मी जो बुरूज काढला तो समोरचा नव्हताच, तो माझ्या डोक्यातला किल्ला होता, दिवाळीत पोरं मातीचा करतात ना तसला, वर त्या चौकोनी दातांची रांग, मध्ये दरवाजा, वर भगवा. समोरच्या तटाला वर पाकळ्यांसारख्या चर्या, म्हणजे तटाचे दात, आहेत आणि त्यातल्या कितीतरी पडलेल्या आहेत, दोन आहेत मग एक नाही, मग अर्धी, हे मला दिसतच नव्हतं. सर मागून जाता जाता म्हणाले, दगड काढू नका हो, मधलं आभाळ काढा. मला आधी काय कळेना. मग कळलं, की दोन चर्यांच्या मधे जो आभाळाचा तुकडा दिसतोय त्याचा आकार काढायचा, चर्या आपोआप येतात. आणि खरंच आल्या! कारण आभाळाच्या तुकड्याचा आकार मला आधीपासून माहीत नव्हता ना, त्यामुळे तो बघावाच लागला.

मग प्रमाण. हात सरळ ताणायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिल उभी धरून अंगठ्याने उंची मोजायची आणि तीच पेन्सिल आडवी करून रुंदीत ती किती वेळा बसते बघायचं. हात वाकला की माप बदललं, म्हणून कोपर ताठच पाहिजे. हे मी सगळं मन लावून करतीये, एक डोळा मिटलेला, जीभ बाहेर, आणि शेजारी दोन पोरं क्रिकेटची बॅट घेऊन उभी. त्यातलं एक म्हणतं, "नेम धरलालाव का मॅडम?"

सगळा ग्रुप हसला. मी पण हसले, पण कान तापले माझे. दुसरं पोरगं वाकून वहीत बघून म्हणालं, "किल्ला हाय बे. पण वाकडा हाय." आणि गेले दोघं खेळायला. मला वाटलं होतं असं कोणी बोललं की मी उठून घरी जाईन. पण झालं काय, तर मी परत वर बघितलं आणि किल्ला खरंच वाकडा आला होता, उजवीकडचा बुरूज फार लांब गेलेला. पोरगं बरोबर होतं.

शेवटी सगळ्या वह्या जमिनीवर ओळीने उघड्या ठेवायच्या, ही पद्धत. नऊ वह्या, एकच किल्ला, आणि नऊ वेगळे किल्ले. आर्किटेक्चरच्या पोराने तर किल्ला सोडून मागचा आकाशपाळणा काढलेला. कोणी कोणाला चुका सांगायच्या नाहीत, विचारलं तरच. मी माझी वही सगळ्यात शेवटी ठेवली आणि सगळ्यात आधी उचलली.

हा प्रकार काही आपल्याकडचा नाही, हे मला नंतर लॅबवाल्या मुलीने सांगितलं. अमेरिकेत सिएटलला गॅब्रिएल कॅम्पनारिओ म्हणून मूळचा स्पेनचा एक पत्रकार-चित्रकार आहे, त्याने २००७ मध्ये ऑनलाईन ग्रुप सुरू केला, आपापल्या शहरात जागेवर बसून काढलेली चित्रं टाकायची, त्यातून अर्बन स्केचर्स ही संस्था झाली आणि आता जगभर शहराशहरात ग्रुप आहेत, पुण्या-मुंबईत पण आहेत. त्यांचा आठ कलमांचा जाहीरनामा आहे, पहिलंच कलम असं की आम्ही जागेवर बसून, प्रत्यक्ष बघून काढतो, आत असो की बाहेर. आमचा ग्रुप त्यांचा अधिकृत वगैरे नाही, पण ते पहिलं कलम सरांनी कुठूनतरी उचललंय हे नक्की. आणि ह्याच कलमावरून आमच्यात एकदा चांगलं भांडण झालं.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आम्ही डॉ. कोटणीस स्मारकात गेलो. भैय्या चौकाजवळ, कोटणीसांचं राहतं घर होतं तिथे. सोलापूरच्या माणसाला डॉ. द्वारकानाथ कोटणीस सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी, १९१० ला सोलापुरात जन्म, १९३८ मध्ये चीन-जपान युद्धात मदतीला पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं त्यात हे, बाकीचे परत आले, हे तिथेच राहिले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं म्हणजे यिन भारत आणि हुआ चीन, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. बत्तीस वर्षांचे होते. माझ्या ऑफिसात नव्याने लागलेला पोरगा बत्तीसचा आहे, अजून त्याला आयटीसी, म्हणजे जीएसटीतलं इनपुट क्रेडिट, जुळवता येत नाही, असो.

तर स्मारकात बघायचं म्हणजे मुख्यतः फोटो. आणि आमचा नियम फोटोवरून काढायचं नाही. मग काय काढायचं? आर्किटेक्चरचं पोरगं म्हणालं की सर, फोटो ही पण समोर असलेली वस्तूच आहे, तिच्याकडे बघून काढलं तर ते प्रत्यक्षच झालं. लॅबवाली म्हणाली की मग घरी बसून मोबाईल समोर धरून काढलं तरी प्रत्यक्षच की. जॅकार्डवाले काका म्हणाले मी तर आयुष्यभर नमुन्यावरूनच काढलंय, ते काय खोटं आहे का. वाद चांगला पंधरा मिनिटं चालला, आणि कुजबुजत चालला कारण आत मोठ्यानं बोलणं बरं दिसत नाही, त्यामुळे भांडण करणारे सगळे एकमेकांच्या कानाला लागलेले, बाहेरून बघणाऱ्याला वाटावं कोणी आजारी आहे.

सरांनी निकाल दिलाच नाही. ते एका कोपऱ्यात जाऊन फोटो बघणाऱ्या माणसांना काढायला लागले. मग आम्ही पण तेच केलं. माझ्या समोर एक आजोबा होते, धोतर, टोपी, हातात काठी आणि काखेत कापडी पिशवी, ते एकेक फोटोखालची ओळ न ओळ वाचत होते, ओठ हलवत. वाचणारा माणूस किती कमी हलतो बघा, पाठीला बाक तसाच, फक्त मान थोडी डावी-उजवी होते. मी त्यांची पाठ काढली. फक्त पाठ, टोपी, आणि काठीवर दाबलेला तो हात. सात-आठ मिनिटात झालं आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे बरं आलंय. मग ते वळले, माझ्याकडे बघितलं, मी वही मिटली, ते जवळ आले, म्हणाले, "दाखव की." दाखवली. बघत राहिले. "पाठीमागून मी असा दिसतो होय," म्हणाले. "एवढा वाकलोय?" मला काय बोलावं कळेना. मी म्हणलं नाही आजोबा, माझंच प्रमाण चुकलंय. ते म्हणाले, "नाही नाही, बरोबर आहे," आणि पुढच्या फोटोकडे गेले.

मला ते अजून आठवतं. चित्र काढताना लोक आपल्याला बघतील याचीच भीती होती ना, पण आपण पण त्यांना बघतोय आणि ते जास्त जवळून बघतोय, हे डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून कोणाचा चेहरा स्पष्ट काढायचा असेल तर मी आधी खुणेने विचारते. पाठीसाठी अजून विचारत नाही, खरं सांगायचं तर.

मधल्या बऱ्याच रविवारांबद्दल भरभर सांगते. इंद्रभुवनला बाहेरून बसलो, वारदांनी बांधलेली वास्तू, आता महापालिकेची, रविवारी बंद त्यामुळे निवांत. तिथे माझा साफ पराभव. त्या कमानी, ते सज्जे, ते नक्षीकाम, सगळं काढायला गेले आणि वीस मिनिटांत एक सज्जा आणि दीड कमान झाली. सरांचं म्हणणं, सगळं काढायचं नसतंच, एक कोपरा नीट आणि बाकीचं नुसत्या चार रेघांत. कळतं पण वळत नाही, बॅलन्सशीट जुळवणाऱ्या बाईला अर्धं सोडून उठायची सवय नसते. कंबर तलावावर पक्षी काढायला गेलो, पक्षी काय थांबतात होय. तिथली युक्ती अशी की एकाच पानावर सात-आठ बगळे अर्धवट सुरू करायचे, एक मान, एक पाठ, आणि कुठलाही बगळा परत त्या पोझमध्ये आला की त्या चित्रावर परत जायचं, बगळ्याला चार-पाचच पोझ येतात, फिरून फिरून तिथेच येतो. वीस तारीख जवळ आली की माझे दोन रविवार ऑफिसात जायचे, रिटर्नची तारीख चित्रकलेसाठी थांबत नाही.

सामानाचं सांगते कारण ते सगळे विचारतात. पहिल्या महिन्यात मी उत्साहाने खूप खर्च केला आणि त्यातला निम्मा वाया गेला. साधी वही चालते, फक्त कागद जरा जाड, १४० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आसपास असला तर पेन्सिल-पेन दोन्ही बसतं आणि थोडं पाणी पण सहन करतो, खरं जलरंग करायचं असेल तर ३०० जीएसएम, नाहीतर कागद पापडासारखा वर येतो. २बी आणि ६बी पुरे. आकार ए५, कारण मोठी वही असली की ती भरायची भीती वाटते आणि लोकांना लांबून दिसते. बसायला घडीचं स्टूल घ्यायचं असेल तर घ्या, मी चटई नेते, कारण सोलापुरात दगडावर दुपारी अकरानंतर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. टोपी आणि पाणी हे चित्रकलेचंच सामान समजायचं.

आणि पेन घेताना वॉटरप्रूफ आहे का हे स्वतः तपासा. मी एका दुकानातून असं सांगून दिलेला पेन घेतला, त्याने सिद्धेश्वर मंदिराचं चांगलं पाऊण तास खपून चित्र काढलं, तळ्यातल्या पायऱ्या, दीपमाळ, सगळं, आणि वर रंगाचा पहिला हात मारला तर अख्खं मंदिर तळ्यात विरघळलं. निळसर-काळा चिखल. बाजूला फुलं विकणारी बाई बघत होती, ती म्हणाली, "आगं आगं आगं." तेवढंच. आता मी नवीन पेन आला की वहीच्या शेवटच्या पानावर रेघ मारते, पाच मिनिटं थांबते आणि ओलं बोट फिरवते.

एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो तेव्हा आमचं सहा ते आठ असं असतं, आणि तेव्हा मला जलरंगाबद्दल एक गोष्ट कळली जी पुस्तकं बहुतेक थंड प्रदेशात बसून लिहिलेली असल्यामुळे सांगत नाहीत. व्हिडिओत ती गोरी बाई आभाळाला निळा हात मारते, मग निवांत दुसरा रंग कालवते आणि ओल्यात ओला सोडते, मस्त ढग होतात. इथे तुम्ही ब्रश डबीत बुडवून परत येईपर्यंत पहिला रंग वाळलेला, कडेला टणक रेघ उमटलेली. आभाळ नाही, गोधडी. उपाय म्हणजे कागदाची मागची बाजू आधी ओली करायची, रंग भरपूर आधीच कालवून ठेवायचा, सावली धरायची, आणि आभाळ एका दमात संपवायचं. किंवा सरळ आभाळ रंगवायचंच नाही, उन्हाळ्यात आपलं आभाळ असतं कुठं निळं, पांढरंफटक असतं. कागद तसाच सोडला की सोलापूरचं आभाळ तयार.

एका ठिकाणी आम्हाला उठवलं पण. जागा सांगत नाही. आत रंगाच्या डब्या उघडल्या होत्या आणि तिथला माणूस ओरडत आला, परवानगी कोणाची, पाणी सांडलं तर कोण भरून देणार. त्याची पद्धत उद्धट होती पण मुद्दा चूक नव्हता. वस्तूंच्या जवळ पाणी आणि शाई न्यायची नाही, म्युझियममध्ये बहुतेक ठिकाणी फक्त पेन्सिलच चालते, आणि दहा जण एकदम येणार असतील तर आधी फोन करून विचारायचं, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. तेव्हापासून परवानगीचं खातं माझ्याकडे आलंय, अर्ज लिहिण्यात मी तरबेज, विषय, संदर्भ, महोदय, सगळं.

माझा पहिला अर्ज तेरसाठी होता. पावसाळ्यात, एक टेम्पो ट्रॅव्हलर करून, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही असा सगळा सरंजाम घेऊन आम्ही तेरला गेलो. धाराशिवच्या पुढे, तेरणा नदीच्या काठी, आज बघितलं तर साधं गाव, पण हे जुनं तगर, पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या नोंदीत याचं नाव येतं, इथून माल बंदरात आणि तिथून रोमला जायचा. आणि गोरोबाकाकांचं गाव हेच. तिथलं म्युझियम रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून झालेलं आहे, त्या माणसाने गावात, शेतात, नदीकाठी सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, मडकी, मणी, मातीच्या बाहुल्या, दिवे. तिथली हस्तिदंताची छोटी बाई प्रसिद्ध आहे, तशीच एक इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली म्हणून. सगळे तिच्याभोवती. मला तिथे उभं राहायला जागा मिळाली नाही म्हणून मी मडक्यांकडे गेले.

आणि मडक्यांपाशी मी दीड तास होते. सांगते का ते.

इंटरमिजिएटला स्थिरचित्रात घागर यायचीच, आणि आमच्या शाळेतले सर ओरडायचे की तोंड लंबगोल आहे बाई, आणि बूड पण लंबगोलच, बूड सरळ रेघेत कापू नको. मी पाठ केलं होतं, तोंड लंबगोल बूड लंबगोल. का ते कधी कळलं नव्हतं. तेरला कपाटात एकावर एक फळ्या, आणि प्रत्येक फळीवर साधारण तशीच भांडी. मी खाली चटईवर बसले तेव्हा मधली फळी बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत आली. त्या फळीवरच्या भांड्याचं तोंड लंबगोल नव्हतंच, नुसती सरळ रेघ. तिच्या खालच्या फळीवरच्या भांड्याचं तोंड जरा उघडलेलं, अगदी बारीक, शेंगेसारखं. सगळ्यात खालच्या फळीवरचं चांगलं उघडं, आतला अंधार दिसतोय. आणि वरच्या फळीवरच्यांचं तोंड दिसतच नाही, बूड दिसतंय, उलट बाजूने वळलेलं. मी उभी राहिले, तर सगळी तोंडं बदलली. मधलं उघडलं. परत बसले, मिटलं. उठले, उघडलं. असं चार-पाच वेळा केलं मी, तिथला शिपाई माझ्याकडे बघत होता, मग तो जवळ येऊन विचारतो, "कंबर धरलीय का ताई?"

त्याला दाखवलं. म्हणलं हे बघा, बसून बघा. बसला बिचारा. मग उठला. मग म्हणाला, "रोज बघतो की मी हे," आणि परत बसला.

त्या दिवशीचं माझं पान आहे ते फक्त तोंडांचं. पूर्ण भांडं एकच, तेही काठ फुटलेलं, आणि फुटलेलं काढायला सोपं, कारण फुटलेल्या कडेचा आकार आपल्याला पाठ नसतो, किल्ल्याच्या पडलेल्या चर्यांसारखंच. अख्खं मडकं आपण पाठ केलेलं काढतो. जॅकार्डवाल्या काकांनी मातीची एक बाहुली काढली, अख्ख्या वर्षातलं त्यांचं पहिलं चित्र ज्यात एकही चौकोन नव्हता, आणि ते स्वतःच बघून म्हणाले, हे चादरीवर नाही येणार. नंतर आम्ही त्रिविक्रम मंदिरापाशी गेलो, विटांचं, मागून गोलाकार, हत्तीच्या पाठीसारखं छप्पर, पण तोवर पाऊस आला आणि वह्या पिशवीत गेल्या. भाकरी गाडीतच खाल्ली.

आता परत हिवाळा आलाय. मागच्या रविवारी परत किल्ल्याची बाग. मी तोच बुरूज घेतला, मुद्दाम. एक डोळा मिटला, हात ताणला. तीच पोरं असतील की दुसरी कोण जाणे, क्रिकेट चालूच होतं. बागेतला वॉचमन बराच वेळ मागे उभा होता, मी वळून बघितलं तसा म्हणाला, "मॅडम, बुरूज काय पळून जात नाही. मला काढा की."

मी म्हणलं बसा. तो बसला नाही, सरळ उभा राहिला, छाती काढून, फोटोला उभं राहतात तसा, काठी बाजूला, टोपी नीट केली. दहा मिनिटं हलला नाही. इतकं सरळ माझ्याकडे बघणारा माणूस मी पहिल्यांदाच काढत होते, हात थरथरला नाही असं नाही. नाक दोनदा काढलं, खोडरबर खिशातून बाहेर आलं, सरांनी बघितलं पण बोलले नाहीत. झाल्यावर वही दिली त्याच्या हातात. त्याने जवळ धरली, मग लांब धरली.

"नाक माझं नाही," तो म्हणाला. "टोपी माझीच हाय."

मग मोबाईल काढून त्याने चित्राचा फोटो घेतला, घरी दाखवायला. खाली तारीख आणि जागा लिहायची राहिली होती, ती त्यानेच लिहायला लावली. पुढच्या रविवारी इंद्रभुवन आहे, त्या उरलेल्या अर्ध्या कमानीसाठी जायचंय, आणि जाताना नवीन ६बी घ्यायचीये, कारण पेटीतली पोरीने परत नेलीये, कशाला ते सांगत नाही.